सावलीच्या मध्यभागी प्रकाश : ऑगस्टिन फ्रेनेल यांचे जीवन व कार्य

चर्चच्या मनोऱ्यावर घंटा वाजू लागली की तिचा नाद वाडीतील प्रत्येक घरात पोहोचतो. भिंतीच्या आड, विहिरीच्या काठावर, माडांच्या दाटीत काम करणाऱ्या माणसालाही तो ऐकू येतो. परंतु त्याच मनोऱ्यावर लावलेला दिवा भिंतीच्या आड उभ्या असलेल्या माणसाला दिसत नाही. नाद वळण घेतो, प्रकाश मात्र सरळ जातो आणि अडथळ्यामागे सावली पाडतो. हा अनुभव आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की त्यात काही कोडे आहे, असे आपल्याला वाटतही नाही. विज्ञानाच्या इतिहासात मात्र या कोड्याने थोर विचारवंतांना शेकडो वर्षे विचार करावयास लावले. ते उलगडण्यात ज्यांचा फार मोठा वाटा आहे, ते फ्रेंच अभियंते ऑगस्टिन-जाँ फ्रेनेल अवघे ३९ वर्षांचे आयुष्य जगले. त्यांनी प्रकाशाचे खरे रूप शोधले आणि तेच ज्ञान समुद्रावर वाट चुकणाऱ्या खलाशांच्या हाती दिले.

बालपण आणि शिक्षण

फ्रेनेल यांचा जन्म १० मे १७८८ रोजी फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातील ब्रॉय या गावी झाला. वडील जाक फ्रेनेल वास्तुविशारद होते. आई ऑगस्टीन ही मेरिमे घराण्यातील. तिचे बंधू लेओनोर मेरिमे हे नामांकित चित्रकार होते, तर त्यांचे चिरंजीव प्रॉस्पेर मेरिमे पुढे कथालेखक म्हणून जगप्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी फ्रेंच राज्यक्रांतीचा वणवा पेटला. वडील शेरबूर बंदराच्या बांधकामावर काम करीत होते, परंतु क्रांतीच्या धामधुमीत ते काम थंडावले. १७९४ साली हे कुटुंब काँ शहराजवळील माथ्यू या वडिलांच्या मूळ गावी जाऊन राहिले.

घरातील वातावरण कमालीचे धार्मिक होते. त्या काळी फ्रान्सच्या कॅथलिक समाजात जान्सेनवाद नावाचा एक कडक शिस्तीचा विचारप्रवाह होता. त्याचा या कुटुंबावर ठसा होता. कर्तव्य, संयम आणि आत्मपरीक्षण हे धडे मुलांना लहानपणापासून मिळाले. चार भावांत ऑगस्टिन दुसरा. तो प्रकृतीने नाजूक होता आणि अभ्यासात मागे. वयाच्या आठव्या वर्षीही त्याला धड वाचता येत नव्हते. मात्र नवव्या वर्षी खेळातल्या बंदुका आणि धनुष्यबाण यांत त्याने अशी सुधारणा केली की ती खेळणी खरोखरच धोकादायक बनली आणि वडीलधाऱ्यांना त्यांवर बंदी घालावी लागली. पाठांतरात मंद वाटणाऱ्या या मुलाची बुद्धी त्याच्या हातांत होती.

काँ येथील शिक्षणानंतर १८०४ साली फ्रेनेल यांनी पॅरिसच्या एकोल पॉलिटेक्निक या नामवंत संस्थेत प्रवेश मिळवला. पुढे पूल आणि रस्ते बांधणीच्या सरकारी विद्यालयातून ते १८०९ साली अभियंते होऊन बाहेर पडले. त्याच वर्षी त्यांचा थोरला भाऊ लुई स्पेनमधील युद्धात मरण पावला.

प्रथम व्हाँदे भागात व नंतर दक्षिणेकडील नियाँ येथे फ्रेनेल रस्ते बांधणीचे काम पाहू लागले. माती, खडी, मजूर आणि हिशेब यांत दिवस जात असे. हे काम त्यांनी निष्ठेने केले, पण त्यांचे मन त्यात रमले नाही. संध्याकाळच्या मोकळ्या वेळात ते एकाच प्रश्नाचा विचार करीत असत : प्रकाश म्हणजे नेमके काय?

कण की तरंग?

हा प्रश्न समजण्यासाठी प्रथम तरंग म्हणजे काय ते पाहू. बंदरात नांगरलेल्या होडीखालून लाट गेली की होडी वर उचलली जाते आणि पुन्हा खाली येते. लाटेबरोबर ती किनाऱ्यावर येत नाही. याचा अर्थ असा की, पाणी साधारणपणे आपल्याच जागी हेलकावते, पुढे सरकते ती हालचाल, ती ऊर्जा. लाटेच्या एका माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंतचे अंतर म्हणजे तरंगलांबी. एका सेकंदात एखाद्या ठिकाणाहून जितके माथे जातात ती त्या तरंगाची वारंवारता. या दोहोंचा गुणाकार केला की तरंगाचा वेग मिळतो.

ध्वनीचेही असेच आहे. घंटेवर टोल पडला की तिचा धातू कंप पावतो, भोवतालच्या हवेला दाबतो व सोडतो आणि ही दाबाची लाट चहूकडे पसरते. हवेत ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४० मीटर अंतर कापतो. म्हणूनच दूरच्या विजेचा लखलखाट आधी दिसतो आणि गडगडाट मागाहून ऐकू येतो. माणसाच्या कानाला साधारणपणे सेकंदाला २० ते २०,००० कंपने ऐकू येतात. म्हणजे ऐकू येणाऱ्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे १७ मीटरपासून पावणेदोन सेंटीमीटरपर्यंत असते.

मग प्रकाशही असाच तरंग आहे काय? हॉलंडचे ख्रिस्तियान हॉयगेन्स यांनी १६९० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तसे मानले होते. परंतु थोर शास्त्रज्ञ आयझॅक न्यूटन यांचा कल दुसरीकडे होता. प्रकाश जर तरंग असता, तर तो ध्वनीसारखा भिंतीला वळसा घालून सावलीत शिरला असता, असा त्यांचा आक्षेप होता. त्यांच्या मते प्रकाश हा अतिसूक्ष्म कणांचा सरळ रेषेत धावणारा झोत होता. न्यूटन यांच्या नावाचा दबदबा इतका मोठा होता की संपूर्ण अठराव्या शतकात कणवादाचाच पगडा राहिला.

तरीही एक निरीक्षण या मताला अडचणीचे ठरत होते. इटलीतील बोलोन्या येथील येशूसंघीय धर्मगुरू फ्रान्चेस्को मारिया ग्रिमाल्दी यांनी बारीक छिद्रातून अंधाऱ्या खोलीत आलेल्या प्रकाशात वस्तू ठेवून तिची सावली बारकाईने न्याहाळली होती. सावलीची कडा रेखीव नव्हती. तिच्यालगत उजळ आणि काळसर पट्टे दिसत होते. ग्रिमाल्दी १६६३ साली निवर्तले आणि त्यांचा ग्रंथ १६६५ साली प्रसिद्ध झाला. प्रकाशाच्या या वळण्याला त्यांनी जे लॅटिन नाव दिले, तेच पुढे युरोपीय भाषांत रूढ झाले. मराठीत आपण त्याला विवर्तन म्हणतो. याशिवाय इंग्लंडमध्ये थॉमस यंग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी प्रयोगांच्या आधारे तरंगवाद मांडला होता, पण त्याची उपेक्षाच झाली. फ्रेनेल यांना इंग्रजी येत नसल्याने यंग यांचे काम त्यांना सुरुवातीला ठाऊकही नव्हते.

मधाचा थेंब आणि गावातील कारागीर

१८१५ च्या मार्च महिन्यात एल्बा बेटावरून निसटलेला नेपोलियन फ्रान्समध्ये परतला. फ्रेनेल राजनिष्ठ होते. प्रकृती साथ देत नसतानाही ते नेपोलियनविरुद्धच्या सैन्यात सामील होण्यास गेले. परिणामी त्यांना नोकरीवरून दूर करण्यात आले आणि त्यांच्यावर पोलिसांची पाळत बसली. माथ्यू येथे आईच्या घरी जाण्याची परवानगी तेवढी मिळाली. वाटेत पॅरिसला त्यांची खगोलशास्त्रज्ञ फ्रांस्वा आरागो यांच्याशी भेट झाली. ही मैत्री पुढे आयुष्यभर टिकली.

नोकरी गेली, हाती पैसा नाही, प्रयोगशाळा नाही. परंतु सक्तीची ही विश्रांती फ्रेनेल यांनी वाया जाऊ दिली नाही. प्रयोगासाठी प्रकाशाचा अगदी बारीक बिंदू हवा होता. त्यांनी एका छोट्या छिद्रावर मधाचा थेंब ठेवला आणि त्याचेच भिंग केले. पट्ट्यांमधील सूक्ष्म अंतर मोजण्याचे साधन त्यांनी गावातील कुलपे बनवणाऱ्या कारागिराकडून घडवून घेतले. अशा घरगुती साधनांनी त्यांनी बारीक तारेच्या सावलीचा अभ्यास केला. तारेच्या सावलीच्या आतही त्यांना उजळ व काळे पट्टे दिसले. तारेच्या एका कडेला त्यांनी कागद चिकटवला आणि त्या बाजूचा प्रकाश अडवला. त्याबरोबर आतले पट्टे नाहीसे झाले. दुसऱ्या बाजूचा प्रकाश तर पूर्वीसारखाच येत होता. याचा अर्थ उघड होता : ते पट्टे दोन्ही बाजूंनी वळून येणाऱ्या प्रकाशाच्या भेटीतून निर्माण होत होते.

तळ्यात दोन दगड टाकले की दोन्ही ठिकाणांहून निघालेल्या लाटा एकमेकींना भेटतात. माथ्यावर माथा आला की पाणी दुप्पट उसळते. माथ्यावर खळगा आला की ते शांत राहते. यालाच व्यतिकरण म्हणतात. प्रकाशात प्रकाश मिळवला असता अंधार होऊ शकतो, ही गोष्ट कणांच्या कल्पनेने समजावणे फार कठीण, तरंगांच्या कल्पनेने अगदी सोपी. १८१५ च्या ऑक्टोबरमध्ये फ्रेनेल यांनी आपला पहिला निबंध पॅरिसच्या विज्ञान अकादमीला पाठवला.

आणि न्यूटन यांच्या आक्षेपाचे काय? त्याचेही उत्तर यातच होते. तरंग अडथळ्याला किती वळसा घालणार हे त्याच्या तरंगलांबीवर अवलंबून असते. मानवी आवाजाची किंवा घंटेच्या नादाची तरंगलांबी ढोबळमानाने दरवाजा-खिडकीच्या मापाची असते. म्हणून तो नाद भिंतीच्या कडेला सहज वळतो. फ्रेनेल यांनी आपल्या प्रयोगातील लाल प्रकाशाची तरंगलांबी मोजली, ती सुमारे ६३८ नॅनोमीटर भरली. म्हणजे एका मिलिमीटरमध्ये असे दीड हजारांहून अधिक तरंग मावतात. इतका बारीक तरंग वळतो, पण अगदी किंचित. प्रकाश वळत नाही असे नव्हे. त्याचे वळणे आपल्या डोळ्यांच्या सहज लक्षात येत नाही, इतकेच.

विरोधकाच्या गणितातून मिळालेला पुरावा

विज्ञान अकादमीने विवर्तनाच्या विषयावर एक पारितोषिक जाहीर केले. फ्रेनेल यांनी १८१८ साली आपला प्रबंध सादर केला. हॉयगेन्स यांची एक जुनी कल्पना अशी होती की, तरंगाच्या आघाडीवरील प्रत्येक बिंदू नव्या तरंगाचा उगम बनतो. फ्रेनेल यांनी तिला व्यतिकरणाची जोड दिली आणि सावलीच्या कडेला कोठे किती उजेड पडेल याचे नेमके गणित मांडले.

परीक्षक मंडळात पाच जण होते : लाप्लास, बियो, प्वासाँ, गे-ल्युसॅक आणि आरागो. यांपैकी पहिले तिघे कणवादाचे समर्थक. प्वासाँ हे असामान्य गणिती होते. त्यांनी फ्रेनेल यांचे सूत्र काटेकोरपणे तपासले आणि त्यातून एक चमत्कारिक निष्कर्ष काढला. बिंदूएवढ्या दिव्यासमोर गोल चकती धरली, तर तिच्या काठावरून वळून येणारे सर्व तरंग सावलीच्या नेमक्या मध्यावर सारखेच अंतर कापून पोहोचतील. तेथे माथ्यावर माथा पडेल. म्हणजे जेथे सर्वांत गडद काळोख असावा असे वाटते, तेथेच तेजस्वी ठिपका दिसला पाहिजे. हे तर सर्वसाधारण अनुभवाच्या विरुद्ध होते.

आरागो यांनी वाद घालत बसण्याऐवजी प्रयोग केला. सुमारे दोन मिलिमीटर व्यासाची चकती प्रकाशासमोर धरली आणि सावलीच्या मध्यभागी पाहिले. तेथे ठिपका होता. १८१९ साली पारितोषिक फ्रेनेल यांना मिळाले. ज्या गणिताने सिद्धांत कोसळायचा, तेच गणित त्याचा सर्वांत मोठा साक्षीदार ठरले. त्या ठिपक्याला आजही प्वासाँ यांचे नाव दिले जाते.

तरीही एक मोठे कोडे उरले होते. काही स्फटिकांतून गेलेला प्रकाश एका विशिष्ट दिशेलाच कंप पावत असल्यासारखा वागतो. याला ध्रुवण म्हणतात. ध्वनीमध्ये हवेचे कण तरंगाच्या वाटेवरच पुढेमागे हलतात. अशा तरंगांना अनुतरंग म्हणतात. ताणलेल्या दोरीला झटका दिला तर ती मात्र वाटेला आडवी, वरखाली हलते, ते अवतरंग. सर्वांनी प्रकाशाला ध्वनीप्रमाणे अनुतरंग मानले होते. १८२१ साली फ्रेनेल यांनी प्रकाश हा अवतरंग आहे, असे ठामपणे मांडले आणि ध्रुवणाची कोडी सुटू लागली. हा विचार इतका धाडसी होता की जिवलग मित्र आरागो यांनीही त्यावर आपले नाव घालण्याचे टाळले. अशा आडव्या कंपनांसाठी सर्वत्र पसरलेले एक ताठर माध्यम लागेल, आणि त्यातून ग्रह बिनअडथळा कसे फिरणार, ही अडचण फ्रेनेल यांनाही जाणवत होती. परंतु प्रयोग जे सांगत होते, ते त्यांनी नाकारले नाही.

खलाशांचा सोबती

१८१९ साली आरागो यांच्या आग्रहाने फ्रेनेल यांना फ्रान्सच्या दीपगृह आयोगात काम मिळाले. त्या काळी दीपगृहांत तेलाच्या दिव्यांमागे धातूचे आरसे बसवीत. हे आरसे सुमारे निम्मा प्रकाश गिळून टाकीत. धुक्यात, वादळात दिवा वेळेवर दिसत नसे आणि जहाजे खडकांवर आदळून खलाशी प्राणास मुकत. किनाऱ्यावरचा उजेड जरा दूरवर पोहोचणे, हा कित्येक कुटुंबांच्या दृष्टीने जीवन-मरणाचा प्रश्न होता.

आरशाऐवजी भिंग वापरावे तर तेवढे मोठे भिंग अतिशय जाड, जड आणि प्रकाश शोषणारे होणार. फ्रेनेल यांनी विचार केला की प्रकाशाला वळवण्याचे काम काचेचा पृष्ठभाग करतो, आतली जाडी नव्हे. म्हणून त्यांनी मध्ये एक लहान भिंग ठेवून त्याभोवती लोलकासारख्या काचेच्या कड्या रचल्या. प्रत्येक कडीचा उतार असा की दिव्याचा प्रकाश एकाच दिशेने समांतर बाहेर पडावा. भिंग पायऱ्यापायऱ्यांचे करण्याची कल्पना त्यांच्यापूर्वी ब्युफाँ आदींनी मांडली होती, याची त्यांना माहिती नव्हती. परंतु ती दीपगृहासाठी गणिताने सिद्ध करून प्रत्यक्षात उतरवण्याचे श्रेय त्यांचेच. काचेचे काम फ्रांस्वा सोलेय या कारागिराने केले. आरागो यांच्या सहकार्याने अनेक वातींचा नवा दिवाही तयार झाला.

१८२२ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसच्या अपूर्ण विजयकमानीवर हे भिंग लावून पाहण्यात आले. ३२ किलोमीटर दूर उभ्या असलेल्या आयोगाच्या सदस्यांना त्याचा प्रकाश दिसला. २५ जुलै १८२३ रोजी जिराँद नदीच्या मुखाजवळील कोर्दुआन दीपगृहात फ्रेनेल यांचे भिंग प्रथम कायमचे प्रकाशले. ते फिरत असल्यामुळे ठरावीक अंतराने झोत दिसे आणि खलाशाला हे दीपगृह कोणते ते ओळखता येई. पुढे संपूर्ण फ्रेंच किनाऱ्यासाठी दीपगृहांची आखीव योजना तयार झाली. हळूहळू ही भिंगे जगभरातील किनाऱ्यांवर पोहोचली.

अखेरचे दिवस

त्याच १८२३ साली फ्रेनेल यांची विज्ञान अकादमीवर एकमताने निवड झाली. परंतु क्षयरोगाने त्यांना ग्रासले होते. प्रयोगांचा खर्च ते बराचसा स्वतःच्या खिशातून करीत. त्यासाठी त्यांनी परीक्षकाचे काम स्वीकारले होते, पण १८२४ साली प्रकृती ढासळल्याने तेही सोडावे लागले. उरलेली शक्ती त्यांनी दीपगृहांसाठी राखून ठेवली. शुद्ध विज्ञानातील अनेक कल्पना तशाच बाजूला राहिल्या.

१८२७ च्या जूनमध्ये त्यांना पॅरिसजवळील विल-दाव्रे या गावी हलवण्यात आले. तेथे त्यांची आई शुश्रूषेसाठी आली. लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना रम्फर्ड पदक जाहीर केले होते. ते घेऊन आरागो ६ जुलै रोजी त्यांच्या शय्येजवळ आले. पदक मिळाल्याचे उत्तर लिहिण्याइतकेही त्राण फ्रेनेल यांच्या अंगात उरले नव्हते. १४ जुलै १८२७ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. त्यांचे धाकटे बंधू लेओनोर यांनी पुढे दीपगृहांचे काम चालू ठेवले.

पुढचा प्रवास

फ्रेनेल यांच्या पश्चात १८५० साली प्रकाश पाण्यात हवेपेक्षा कमी वेगाने जातो हे प्रयोगाने सिद्ध झाले आणि जुना कणवाद मागे पडला. १८६५ साली जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी दाखवले की प्रकाश हा विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांचा, सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर वेगाने धावणारा तरंग आहे. ही क्षेत्रे तरंगाच्या वाटेला आडवीच कंप पावतात; फ्रेनेल यांचे अनुमान खरे ठरले. १८८७-८८ मध्ये हाइनरिश हर्ट्झ यांनी रेडिओ तरंग निर्माण केले. आपल्या देशात जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्ता येथे अवघ्या काही मिलिमीटर लांबीच्या विद्युतचुंबकीय तरंगांचे प्रयोग करून दाखवले. रेडिओ, उष्णतेचे अवरक्त किरण, दृश्य प्रकाश, क्ष-किरण ही सारी एकाच कुटुंबातील भावंडे. फरक तो तरंगलांबीचा. ध्वनीला हवा, पाणी वा धातू लागतो, विद्युतचुंबकीय तरंगांना कोणतेही माध्यम लागत नाही. म्हणूनच सूर्याचा प्रकाश पोकळीतून सुमारे सव्वाआठ मिनिटांत आपल्यापर्यंत पोहोचतो, सूर्यावरचा कल्लोळ मात्र आपल्याला ऐकू येत नाही. ज्या ताठर माध्यमाने फ्रेनेल यांना सतावले, त्याची गरजच नव्हती. १९०५ साली आल्बर्ट आइनस्टाइन यांनी दाखवले की प्रकाशाला कणाचेही एक रूप आहे. सत्याचा कुठलाही शोध एका माणसापाशी थांबत नाही.

फ्रेनेल यांचे नाव आज आयफेल मनोऱ्यावर कोरलेल्या ७२ नावांमध्ये आहे. पण त्यांचे खरे स्मारक समुद्रकाठी आहे. रात्री मासेमारीस गेलेल्या माणसाच्या घरी दीपगृहाच्या उजेडाचे मोल काय असते, हे किनाऱ्यावर राहणाऱ्या आपल्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. आजारी देह, हिरावलेली नोकरी, मधाचा एक थेंब आणि गावातील कारागिराने घडवलेले साधन, एवढ्या भांडवलावर या माणसाने सावलीच्या गाभ्यात प्रकाश असतो हे जगाला दाखवले आणि पुढे तोच प्रकाश अंधाऱ्या समुद्रावर पाठवला. देवाने दिलेले दिवस थोडे असले तरी ते कोणासाठी खर्ची घालावेत, याचा वस्तुपाठ त्यांच्या जीवनात आहे.